परसांतील पोहण्याचा हौद : दुरुस्ती व निगा



मनुष्यानें पाण्याचा मोठा सांठा एका जागीं केला म्हणजे त्या सांठ्याबरोबर एक जबाबदारीहि त्याच्या शिरावर येते. नदीचें पाणी वाहतें, म्हणून तें सतत बदलत असतें; विहिरीचें पाणी रोज उपसलें जातें व त्याच्या जागीं झऱ्यांचें नवें पाणी येतें. हौदांतील पाण्यास यांपैकीं एकहि सोय नाहीं. तें जसें भरलें तसेंच राहतें, आणि त्यांत जें कांहीं पडेल तें तेथेंच कुजतें. म्हणून हौद बांधणें हें काम एकदांचें असलें, तरी हौद राखणें हें काम रोजचें आहे. हा फरक ध्यानांत न घेतल्याचें फळ लोणावळें, कर्जत, अलीबाग या बाजूंस बंगल्यांच्या आवारांतून दृष्टीस पडतें. मालक मुंबईस किंवा पुण्यास राहतो. वर्षांतून चार-दोन वेळां येतो. एखाद्या वर्षीं मुळींच येत नाहीं. पंप बंद पडतो, पावसाळा येऊन जातो, आणि निळ्या फरशीचा सुंदर हौद हिरव्या डबक्याचें रूप घेतो.

असा टाकलेला हौद पुन्हां पोहण्याजोगा कसा करावा व पुढें तो स्वच्छ कसा राखावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या परसांत हौद नसणार, हें उघड आहे. परंतु गांवची विहीर, गच्चीवरील टाकी, सार्वजनिक तरणतलाव या सर्वांस येथें सांगितलेले नियम थोड्याबहुत फेरानें लागू पडतात. आणि वर्गांत शिकलेलें रसायन, पदार्थविज्ञान व गणित हीं तिन्ही एके ठिकाणीं उपयोगास आलेलीं पाहण्यास याहून सोपें उदाहरण क्वचितच मिळेल.

जुने हौद व जुना अनुभव

हौद बांधण्याची विद्या आपल्या खंडांत फार जुनी आहे. सिंधूकांठच्या मोहेंजोदडो येथें जें मोठें स्नानगृह उत्खननांत सांपडलें, त्यांतील हौद सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व २.४ मीटर खोल आहे. त्याच्या विटा जिप्समच्या चुन्यांत घट्ट बसविलेल्या असून भिंतीच्या पोटांत डांबराचा थर दिलेला आहे, आणि घाण पाणी काढून देण्यासाठीं एका कोपऱ्यांत मोरी ठेवलेली आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वींच्या त्या गवंड्यांनीं दोन गोष्टी ओळखल्या होत्या : हौद झिरपतां कामा नये, आणि तो रिकामा करण्याची वाट असली पाहिजे.

परंतु बांधकाम उत्तम असलें तरी वापरण्याची रीत चुकली, तर तेंच पाणी रोगाचें माहेरघर होतें. याचें उदाहरण म्हणजे नारू. पायऱ्यांच्या विहिरींत नारू झालेला मनुष्य उतरला कीं त्या किड्याचीं सूक्ष्म पिलें पाण्यांत सुटत. पाण्यांतील सायक्लॉप्स नांवाचे बारीक जीव तीं गिळीत. आणि तें पाणी न गाळतां पिणाऱ्याच्या पोटांत नारू शिरे. लोकांनीं पाण्यांत उतरणें बंद केलें, पाणी गाळून पिण्याची संवय लावून घेतली, विहिरींत औषध घातलें, तेव्हां हा रोग हटला. हिंदुस्थानांत नारूचा शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला व २००० सालीं देश या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. पाण्यांत माणूस उतरतो तेव्हां तो आपल्याबरोबर कांहींतरी घेऊन उतरतो, हा या इतिहासाचा धडा असून पोहण्याच्या हौदाचें सर्व शास्त्र त्यावरच उभें आहे.

पडीक हौद कसा नासतो

पंप बंद पडला कीं प्रथम पाण्यांतील क्लोरिन नाहींसा होतो. उन्हाच्या किरणांनीं तो फुटतो. संरक्षक द्रव्य नसेल तर भर उन्हांत त्याचा मोठा भाग एक-दोन तासांतच उडून जातो. मग वाऱ्याबरोबर आलेले शेवाळाचे सूक्ष्म कण पाण्यांत रुजतात. झाडांचीं पानें, धूळ व पक्ष्यांची विष्ठा यांतून त्यांस खत मिळतें, ऊन तर हवें तेवढें असतें. आणि आठवड्याभरांत पाणी हिरवें होतें. खालीं बसलेला पाला कुजूं लागला म्हणजे तळाजवळचा प्राणवायु संपतो, गाळ काळा पडतो व त्यास सडक्या अंड्यासारखी दुर्गंधि सुटते.

येथवरची हानि मालकाची झाली. यापुढील हानि शेजाऱ्यांची आहे. संथ पाण्यावर डास अंडीं घालतात, आणि आपल्या उष्ण हवेंत अंड्यापासून उडणारा डास होण्यास सुमारें एक ते दीड आठवडा पुरतो. डासामुळें हिवताप पसरतो, या शोधाचा पाया डॉ. रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें घातला. पुढें मुंबईंत हिवताप कां हटत नाहीं याची चौकशी डॉ. बेंटले यांनीं केली. त्यांचा १९११ सालचा अहवाल असें दाखवितो कीं, शहरांतील घरोघरच्या विहिरींत वाढणारा एका विशिष्ट जातीचा ॲनॉफिलीस डास हेंच त्याचें मुख्य कारण होतें. म्हणजे दोष दूरच्या दलदलीचा नव्हता, आपल्याच आवारांतील उघड्या पाण्याचा होता.

हाच प्रकार एका शतकानें अमेरिकेंत घडून आला. कॅलिफोर्निया प्रांतांतील बेकर्सफील्ड या गांवीं घरांवरील कर्जाचे हप्ते थकले, लोक घरें सोडून गेले, आणि परसांतील शेंकडों हौद हिरवे होऊन पडले. २००७ च्या उन्हाळ्यांत त्या भागांत डासांपासून होणाऱ्या वेस्ट नाईल तापाच्या रोग्यांची संख्या २७६ टक्क्यांनीं वाढली, व तिचा संबंध या टाकलेल्या हौदांशीं संशोधकांनीं दाखवून दिला. घर सोडणाऱ्यास आपल्या मागें काय राहिलें हें दिसलें नाहीं; त्याचें मोल शेजाऱ्यांच्या मुलाबाळांनीं दिलें.

आणखी एक धोका आहे. उबदार गोड्या पाण्यांत निग्लेरिया नांवाचा एक अमीबा वाढतो. तें पाणी प्यालें तर त्याची बाधा होत नाहीं. परंतु पोहतांना तें नाकांत शिरलें तर क्वचित् प्रसंगीं तो अमीबा मेंदूपर्यंत पोंचतो, व त्या रोगांतून वांचणारे थोडेच. केरळांत २०२४ सालीं अशा अमीबांच्या रोगानें कांहीं मुलें दगावलीं. योग्य प्रमाणांत क्लोरिन असलेल्या पाण्यांत हा जीव टिकत नाहीं. हिरव्या पाण्यांत उडी मारण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांनीं एवढें एक वाक्य तरी लक्षांत ठेवावें.

पहिलें काम कुंपणाचें

सर्वांत मोठें भय मात्र बुडण्याचें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३,००,००० माणसें बुडून मेलीं, व त्यांत लहान मुलांचा भरणा फार मोठा होता. स्वच्छ हौदाचा तळ दिसतो, म्हणून बुडणारें मूलहि दिसतें. हिरव्या हौदांत दोन हातांवरचें मूलहि दिसत नाहीं. शिवाय बुडणारा मनुष्य नेहमीं हांका मारतो हा समज खोटा आहे. त्यास श्वासच घेतां येत नाहीं, मग ओरडणार कोठून ? तो निमूटपणें खालीं जातो.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ पाण्यापासून न करतां कुंपणापासून करावा. लहान मुलास चढतां येणार नाहीं असें, निदान १.२ मीटर उंचीचें कुंपण चारी बाजूंनीं असावें. फाटक आपोआप मिटणारें असावें व त्याची कडी उंचावर असावी. काम चालू असतां घरांतील मुलांस आवारांत मोकळें सोडूं नये. पंपाच्या खोलींत शिरण्यापूर्वीं वीज मुख्य बटणाशींच तोडावी. ओल धरलेल्या तारा वर्षभर पडून राहिलेल्या असतात व तेथें विंचू-सर्पांनीं घर केलेलें असतें. एकट्यानें हें काम केव्हांहि करूं नये.

हौद रिकामा करावा काय ?

पाणी हिरवें दिसलें कीं तें सोडून देऊन हौद धुवून काढावा, हा विचार सर्वांच्याच मनांत प्रथम येतो. परंतु त्याआधीं दोन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा. समजा, हौद १० मीटर लांब, ५ मीटर रुंद व सरासरी दीड मीटर खोल आहे. त्यांत १० × ५ × १.५ म्हणजे ७५ घनमीटर, अर्थात् ७५,००० लिटर पाणी मावतें व त्याचें वजन ७५ टन भरतें. हें वजन हौदास जमिनींत दाबून ठेवीत असतें. पावसाळ्यांत व त्यानंतर कांहीं आठवडे भोंवतालच्या जमिनींत पाणी वर चढलेलें असतें. अशा वेळीं हौद रिकामा केला तर आर्किमीडीजच्या नियमाप्रमाणें जमिनींतील पाणी त्यास खालून वर ढकलतें. फरशी फुगते, भिंती तडकतात, आणि प्रसंगीं सबंध हौद नावेप्रमाणें उचलला जातो. यासाठीं जवळच्या विहिरींत डोकावून पाहावें. विहिरींतील पाण्याची पातळी हौदाच्या तळाहून वर असेल, तर हौद रिकामा करण्याचा विचार सोडावा, किंवा उन्हाळ्यापर्यंत थांबावें.

दुसरा प्रश्न नीतीचा. शहरांतील मनुष्यास दररोज १३५ लिटर पाणी मिळावें असें आपल्याकडील पाणीपुरवठ्याचें मान आहे. त्या हिशेबानें ७५,००० लिटर म्हणजे पांच माणसांच्या कुटुंबाचें एकशें दहा दिवसांचें पाणी होय. ज्या तालुक्यांत चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहत बायका हंडे घेऊन उभ्या असतात, तेथें हें पाणी मोरींत सोडतांना क्षणभर विचार करावा. बहुतेक हिरवे हौद रिकामे न करतांच सुधारतां येतात. तळाशीं हातभर गाळ सांचला असेल, भिंतीस मोठी भेग असेल, किंवा पाण्यांत क्षार फार वाढले असतील, तरच पाणी काढणें रास्त ठरतें. आणि तसें काढावयाचें झाल्यास औषध घालण्यापूर्वींच काढून तें बागेस द्यावें. झाडांस तें चालतें. क्लोरिन घातलेलें पाणी मात्र ओढ्यांत सोडूं नये. त्यानें मासे मरतात.

गाळ, भेगा व गळती

प्रथम लांब दांड्याच्या जाळीनें पाला-पाचोळा काढावा. औषध घालण्याची घाई करूं नये. कारण एक टोपली कुजका पाला जितका क्लोरिन फुकट खाऊन टाकील, तितक्यांत पुढें कित्येक दिवसांचें काम भागेल. काढलेला गाळ खताच्या खड्ड्यांत घालावा. नंतर भिंती, पायऱ्या व कोपरे राठ कुंचल्यानें घांसावे. शेवाळाच्या अंगावर एक बुळबुळीत वेष्टन असतें. तें घांसून मोडलें नाहीं, तर औषध आंत पोंचत नाहीं.

पाणी कमी होत असेल तर तें गळतीनें कीं वाफेनें, हें ओळखण्याची एक सोपी कृति आहे. एक बादली हौदाच्या पाण्यानें भरून हौदाच्या पायरीवर अशी ठेवावी, कीं बादलीच्या आंतील व बाहेरील पाणी एका पातळींत येईल. दोन्ही पातळ्यांवर खूण करावी व चोवीस तासांनीं पाहावें. वाफ दोन्हींकडे सारखीच होते; म्हणून बादलींतल्यापेक्षां हौदांतील पाणी अधिक उतरलें असेल, तर हौद गळतो असें निश्चित समजावें. आपल्या उदाहरणांतील हौदाचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर आहे. वाफेनें दिवसास ६ मिलिमीटर पाणी उतरलें, तरी तें ३०० लिटर होतें. रात्रीं हौदावर आच्छादन घातल्यास यांतील बराच भाग वांचतो.

पाण्याचें रसायन

क्लोरिनचा शोध स्वीडनच्या शीले यानें १७७४ सालीं लावला; तें मूलद्रव्य आहे हें हम्फ्री डेव्ही यानें १८१० सालीं ठरविलें. चुन्यांत तो शोषून ब्लीचिंग पावडर करण्याचा हक्क १७९९ सालीं टेनंट यानें मिळविला, तो कापड पांढरें करण्याकरितां. पुढें अमेरिकेंतील जर्सी सिटी या शहरानें १९०८ पासून पिण्याच्या पाण्यांत तो नित्य घालण्यास आरंभ केला, आणि पाण्यानें पसरणाऱ्या रोगांविरुद्ध मनुष्याच्या हातीं एक मोठें शस्त्र आलें.

परंतु शस्त्र चालविण्यापूर्वीं पाण्याची आम्लता पाहावी लागते. ती पी. एच्. या मानानें मोजतात : ७ म्हणजे समतोल, त्याखालीं आम्ल, वर अल्क. क्लोरिन पाण्यांत मिसळला म्हणजे त्यापासून हायपोक्लोरस आम्ल होतें, व जंतूंस मारण्याचें खरें काम तेंच करतें. पी. एच्. ७.२ असतां क्लोरिनचा सुमारें दोन-तृतीयांश भाग या कामकरी रूपांत असतो, ७.५ असतां सुमारें निम्मा. आणि ८ झाला कीं जेमतेम चतुर्थांश. म्हणजे पी. एच्. न पाहतां औषध ओतणाऱ्याचे चार रुपयांतील तीन रुपये पाण्यांत जातात. पी. एच्. ७.२ ते ७.८ यांमध्यें राखावा. तो वाढला असेल तर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लानें उतरवावा. उतरला असेल तर धुण्याच्या सोड्यानें चढवावा. पाण्याची अल्कता कमी असली म्हणजे पी. एच्. वारंवार डळमळतो, त्यास खाण्याचा सोडा हा उपाय होय. या परीक्षा घरच्याघरीं होतात. फेनॉल रेड हा रंग आम्ल पाण्यांत पिवळा व अल्क पाण्यांत तांबडा दिसतो, डी. पी. डी. नांवाच्या गोळीनें क्लोरिन असलेलें पाणी गुलाबी होतें, आणि रंग जितका गडद तितका क्लोरिन अधिक.

आतां गणित. दहा लाख भाग पाण्यांत एक भाग क्लोरिन, म्हणजे हजार लिटरांस एक ग्रॅम. तेव्हां ७५,००० लिटरांस ७५ ग्रॅम शुद्ध क्लोरिन लागेल. ताज्या ब्लीचिंग पावडरींत क्लोरिन सुमारें एक-तृतीयांश असतो, म्हणून ती सुमारें २२५ ग्रॅम घ्यावी. ६५ टक्के क्लोरिनचें दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर सुमारें ११५ ग्रॅम पुरे. नित्याच्या पोहण्यास दहा लाखांत १ ते ३ भाग क्लोरिन हें मान ठीक आहे. हिरव्या हौदास मात्र प्रथम एकदम १० भागांचा मारा द्यावा लागतो. म्हणजे दाणेदार औषध सुमारें १.१५ किलोग्रॅम. ब्लीचिंग पावडर प्लॅस्टिकच्या बादलींतील पाण्यांत कालवून चुना खालीं बसूं द्यावा, व वरची निवळ तेवढी हौदांत सोडावी. जुन्या, ओल्या झालेल्या पावडरीचा जोर उतरलेला असतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

हा मारा सूर्यास्तानंतर द्यावा व पंप रात्रभर चालू ठेवावा. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं पाणी तपासावें. क्लोरिन संपला असेल तर शेवाळ अजून जिवंत आहे असें समजून तीच मात्रा पुन्हां द्यावी. रात्रभरांत क्लोरिन जवळजवळ घटला नाहीं, म्हणजे लढाई जिंकली. या वेळीं पाणी हिरवें न राहतां दुधाळ होतें. तीं मेलेल्या शेवाळाचीं प्रेतें होत.

उन्हापासून क्लोरिन वांचविण्यास सायन्यूरिक आम्ल घालतात. तें दहा लाखांत ३० ते ५० भाग असावें. बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ क्लोरिनच्या वड्यांत तें आधींच असतें, त्यामुळें दर वडीबरोबर तें वाढत जातें; फार वाढलें तर क्लोरिन असूनहि निकामी होतो, व कांहीं पाणी बदलण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. मोरचुदानेंहि शेवाळ मरतें. परंतु तो अधिक पडला तर फरशीवर डाग पडतात व गोऱ्या केसांस हिरवी छटा येते. तो क्लोरिनची जागा घेऊं शकत नाहीं.

गाळणी व तुरटी

दुधाळ पाणी निवळविण्याचें काम वाळूच्या गाळणीचें आहे. पंप पाणी वाळूंतून वरून खालीं ढकलतो व कण वाळूंत अडकतात. ते सांचत गेले कीं गाळणीवरील दाबाचा कांटा चढतो. स्वच्छ स्थितींतल्यापेक्षां दाब अर्धा-पाऊण किलोग्रॅमनें वाढला, म्हणजे पाण्याचा प्रवाह उलटा फिरवून वाळू धुवून घ्यावी. हिरव्या हौदाच्या दुरुस्तींत हें दिवसांतून अनेकदां करावें लागतें.

हौदाइतकें पाणी एकदां पंपांतून गेलें म्हणजे सर्व पाणी गाळलें गेलें, असें कोणास वाटेल. तें बरोबर नाहीं. गाळलेलें पाणी न गाळलेल्यांत मिसळत असल्यामुळें एका फेरींत सुमारें ६३ टक्के, दोन फेऱ्यांत ८६ टक्के व तीन फेऱ्यांत ९५ टक्के पाणी गाळणींतून जातें. वरच्या वर्गांतील मुलांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. आठ तासांत एक फेरी व्हावी इतका, म्हणजे तासास सुमारें ९,४०० लिटरांचा पंप आपल्या हौदास पुरेल.

फार बारीक कण वाळूंतूनहि निसटतात. तेथें आपल्या आज्यांची युक्ति उपयोगी पडते. पावसाळ्यांत गढूळ पाण्याच्या हंड्यांत तुरटी फिरवावयाची, किंवा निवळीचें बीं उगाळून घालावयाचें, ही रीत घरोघर होती. तुरटीनें सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून त्यांचे जड पुंजके होतात व तळास बसतात. हौदांत तुरटीचें पाणी सर्वत्र शिंपडून पंप बंद ठेवावा, रात्रभर पाणी ढवळूं नये, आणि सकाळीं तळचा थर शोषक नळीनें हळूहळू ओढून गाळणींत न नेतां बाहेर टाकावा. तुरटीनें पी. एच्. उतरतो, म्हणून तो पुन्हां तपासावा.

तळाची प्रत्येक फरशी कांठावरून स्पष्ट दिसूं लागली, पी. एच्. नेमका आला, व क्लोरिन तीन भागांच्या आंत उतरला, म्हणजे हौद पोहण्यास योग्य झाला.

औषधांविषयीं सावधगिरी

क्लोरिन जसा तारक तसाच मारक आहे. १९१५ सालीं बेल्जियममधील ईप्र येथें सैनिकांवर जो विषारी वायु सोडला तो हाच. ब्लीचिंग पावडर व आम्ल एकत्र आलीं तर तोच वायु आपल्या पंपाच्या खोलींत उत्पन्न होतो. म्हणून दोहोंस वेगळें माप, वेगळी बादली व वेगळी जागा असावी. दाणेदार हायपोक्लोराइट व क्लोरिनच्या वड्या यांचेंहि मिश्रण करूं नये. त्यानें आग लागते किंवा स्फोट होतो. औषध पाण्यांत घालावें, औषधावर पाणी ओतूं नये. हातमोजे व चष्मा घालून, वारा पाठीशीं घेऊन हें काम मोठ्या माणसानेंच करावें. मुलांनीं पाणी तपासण्याचें काम शिकावें, औषधाचे डबे उघडण्याचें नव्हे.

नित्याची निगा

रोज : पाणी तपासणें, वर तरंगणारा पाला काढणें, पंप नेमल्या वेळीं चालविणें. आठवड्यास : भिंती घांसणें, तळ शोषून घेणें, दाबाचा कांटा पाहणें. महिन्यास : अल्कता व सायन्यूरिक आम्ल मोजणें, तळाच्या शोषक जाळीचें झांकण घट्ट आहे कीं नाहीं हें पाहणें. हें झांकण सुटलें असेल तर तेथें पोहणाऱ्याचे केस किंवा हातपाय ओढले जाण्याचा धोका असतो. तोंपर्यंत कोणासहि उतरूं देऊं नये.

मालकाची निगा एकीकडे, तशी पोहणाऱ्यांचीहि आहे. कित्येक तलावांवर नाकांत झोंबणारा वास येतो व डोळे चुरचुरतात. लोक म्हणतात, क्लोरिन फार झाला. वस्तुतः तो वास क्लोरिनचा नसून क्लोरामिनचा, म्हणजे घाम व मूत्र यांशीं क्लोरिनचा संयोग होऊन झालेल्या द्रव्याचा असतो. अंग धुवून पाण्यांत उतरणें, पोहण्यापूर्वीं लघुशंकेस जाऊन येणें, हगवण लागली असतां घरीं राहणें, एवढे तीन नियम पाळले तर निम्मी औषधें वांचतील. आपले आजे-पणजे कमरेस सुक्या भोपळ्यांची सांगड बांधून विहिरींत पोहावयास शिकले. त्या विहिरीचें पाणी घरोघर पिण्यास जात असल्यामुळें तींत घाण करणें हें पाप मानलें जाई. तीच मर्यादा फरशीच्या हौदासहि शोभेल.

शेवटीं पालकांस

एवढें वाचून कोणास वाटेल कीं, ही यातायात आपल्यानें होणार नाहीं. तसें वाटणें यांत कमीपणा नाहीं; उलट वेळेवर तसें ओळखणें हा शहाणपणा आहे. ज्यास रोजची निगा जमत नाहीं, त्यानें हौद अर्धवट टाकून देऊं नये. त्यावर मजबूत छत घालून पावसाच्या पाण्याची टाकी करावी. डास शिरणार नाहींत अशी बारीक जाळी बसवावी. किंवा तळास भोंकें पाडून माती भरावी व तेथें बाग करावी. तोपर्यंत पाणी राहणारच असेल, तर आरोग्य खात्याकडून डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आणून सोडावे. हे चारी मार्ग सन्मानाचे आहेत. पांचवा मार्ग, म्हणजे कुलूप लावून निघून जाणें, हा मात्र सन्मानाचा नव्हे. कारण कुंपणाआंत राहण्याचें भान डासांस नसतें, आणि चेंडू आंत गेला म्हणून भिंतीवरून उतरणाऱ्या मुलास पाण्याची खोली ठाऊक नसते.

ज्यांस जमतें, त्यांनीं आपला हौद एक दिवस शेजारच्या मुलांस खुला करावा व जाणत्या मनुष्याच्या देखरेखीखालीं त्यांस पोहावयास शिकवावें. महाराष्ट्रांत दर पावसाळ्यांत ओढे, बंधारे व खाणींतील डबकीं किती मुलें गिळतात, हें वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. ७५,००० लिटर स्वच्छ पाण्याचा याहून चांगला उपयोग तो कोणता ?